ट्रेडलच्या जागी

"शब्बीरभाई, मेलेल्या मान्सानं लग्नाचं आवतान द्यायचं आसतंय व्हय?"

हैबतराव ढमाल्यांनी पत्रिकांचा गठ्ठा मेजावर असा आपटला की शेजारची शाईची बरणी डगमगली. शब्बीर ट्रेडलवर उभा होता. त्याने पाय उचलला. छपाईचं ते जुनं यंत्र पायावर चालणारं असल्यामुळे लगेच ऐकत नसे; चाकाने आणखी दोन फेरे घेतले आणि मगच ते गप्प झालं. हात पुसत तो पुढे आला आणि त्याने वरची पत्रिका उचलली.

पत्रिका हैबतरावांच्या भैरूच्या लग्नाची होती. गुलाबी कागद, वर गणपती, दोन्ही बाजूंना हत्ती. हत्तींच्या सोंडा यंदा बऱ्या उठल्या होत्या. शब्बीरला चूक काही दिसेना. शेवटी हैबतरावांनीच आपलं जाडजूड बोट खाली 'आपले नम्र' वर ठेवलं. पहिलंच नाव होतं, श्री. कोंडिबा बापूजी ढमाले.

कोंडिबा म्हणजे हैबतरावांचे थोरले भाऊ. आषाढातच ते गेले होते, आणि शब्बीरने त्यांना खांदा दिला होता.

"मारुंजीचं पाव्हनं मला भर आळीत इचारत्यात," हैबतराव म्हणाले, "थोरलं पाटील उठून बसलं का काय म्हनून. मी कुटं तोंड दाखवू, सांगा."

तेवढ्यात मागच्या भिंतीशी उभी असलेली रोशनबी, त्याची बायको, पुढे आली. शिशाच्या अक्षरखिळ्यांनी भरलेल्या लाकडी पेटीपुढे ती दिवसभर उभी असे. आताही तिच्या डाव्या हातात अर्धवट जुळवलेली ओळ होती. ती तशीच सांभाळत तिने पत्रिका वाचली.

"चूक माजी हाय, पाटील," ती म्हणाली. "सांजच्याला समद्या नव्या छापून देतो. पैशाचं नावबी काढू नगा."

ही चूक कशी झाली ते पौडात कुणालाही सांगावं लागलं नसतं. शिशाचे खिळे एकेक उचलून नावं जुळवायची म्हणजे वेळखाऊ काम, आणि आमच्या मावळात पत्रिकेवर नावं किती असावीत याला काही धरबंध नाही. आजोबा, चुलते, चुलतचुलते, मामा, मावसे आणि वर 'समस्त ग्रामस्थ'. एक नाव राहिलं तर लग्नाला माणूस येईल, पण जेवणार नाही. म्हणून ज्या घरात वर्षाआड कार्य निघे त्या घराची जुळवलेली नावं रोशनबी मोडत नसे. सुतळीने घट्ट बांधून फळीवर ठेवून देई. ढमाले, मारणे, शेलार, सगळी घराणी एकावर एक सुखाने नांदत. लग्न निघालं की शब्बीर नुसता म्हणायचा, "ढमाल्यांना उतरीव खाली," आणि ढमाल्यांची अख्खी भावकी फळीवरून खाली येई. वरती नवरानवरीचं नाव बदललं की काम फत्ते.

फक्त कुणी गेलं की ते नाव तिथून काढून 'कैलासवासी' लावून वरच्या ओळीत न्यावं लागे. हे काम रोशनबी कधी विसरली नव्हती. पण आषाढात कोंडिबांची माती झाली त्या दिवशी फळीकडे हात न्यायला तिला कसंतरीच वाटलं. आज नको, उद्या करू, असं म्हणाली आणि ते राहूनच गेलं.

हैबतरावांचा राग खरा, पण फार टिकणारा नव्हता. पाणी प्यायल्यावर ते निम्म्याने उतरले. जाता जाता उंबऱ्यात थांबून म्हणाले, "भाभीचं डोळं थकलं आता, शब्बीरभाई. किती वर्सं वढनार त्या? पुन्यात म्हनं काम्पुटरवर पत्रिका निगत्यात. एक बटन दाबलं की नको ते नाव गायब. तुमी घ्या की एकादा."

बोलले ते आपुलकीनेच. पण रोशनबीच्या हातातली ओळ तेवढ्याने सांडली, आणि बावीस वर्षांत तिच्या हातून ओळ सांडलेली शब्बीरने पाहिली नव्हती.

काँप्युटरचं भूत शब्बीरच्या मानगुटीवर गणपतीपासूनच बसलेलं होतं. बावधनचा जयसिंग पुण्यात एका काँप्युटर विकणाऱ्याकडे नोकरीला होता. पौडला मामाकडे आला की तो शब्बीरच्या मुळशी प्रिंटर्समध्ये डोकावे, चहा पिई आणि काँप्युटरवर मराठी अक्षर कसं गुळगुळीत येतं याचं वर्णन अशा थाटात करी की ऐकणाऱ्याला आपलं अक्षर खरवडलेलं वाटू लागावं. एकोणनव्वद साल होतं ते. किंमत काढली तेव्हा शब्बीरला चहाचा ठसका लागला होता. काँप्युटर आणि त्याचं ते छापून देणारं यंत्र मिळून दोन लाखांच्या घरात जात होतं. त्यापायी भूगावचा त्यांचा जमिनीचा तुकडा विकावा लागणार होता. म्हातारपणी तिथे दोन खोल्या बांधायच्या, पुढे अंगण ठेवायचं, असं नवराबायकोचं ठरलेलं होतं. भूगावात आता पुण्याचे बिल्डर फिरू लागले होते आणि त्यातला एक त्या तुकड्यासाठी दोनदा येऊन गेला होता.

न घ्यावा तर कामं पुण्याला चालली होती, हे उघड दिसत होतं. मागच्या उन्हाळ्यात ओळखीच्याच तीन घरांच्या पत्रिका बाहेरून छापून आल्या. वर त्या देताना लोक शब्बीरची नजर चुकवत.

पण जमिनीपेक्षाही शब्बीरला खात होतं ते दुसरंच. लग्न होऊन आली तेव्हा रोशनबीला वाचता जेमतेम येत होतं. ऐन गणपतीच्या गर्दीत प्रेसचा जुळारी पळून गेला म्हणून शब्बीरने तिला पेटीपुढे उभं केलं. चार दिवसांसाठी. ती जी उभी राहिली ती बावीस वर्षं. सरपंचांच्या निवडणुकीच्या चिठ्ठ्या, उरुसाची पत्रकं, जागरण-गोंधळ, बारशी, अन् तालुक्यातलं प्रत्येक लग्न तिच्या बोटांतून गेलेलं. दसऱ्याला हैबतराव न चुकता ट्रेडलला झेंडूची माळ घालायला येत, आणि एक माळ आठवणीने भाभीच्या पेटीलाही. आता त्या पेटीच्या जागी काँप्युटर आणायचा आणि त्यापुढे पुण्याचा कुणी शिकलेला माणूस बसवायचा. मग रोशनने काय करायचं? घरात भाकऱ्या थापत बसायचं? एखाद्या बैलाला दावणीतून सोडून 'आता तू मोकळा' म्हणावं, तसलं ते. नुसत्या विचाराने शब्बीरचा जीव गलबलून येई, आणि जयसिंगला तो म्हणे, "बघू, म्होरच्या महिन्यात."

त्या दुपारी रोशनबीने ढमाल्यांना फळीवरून उतरवलं. सुतळी सोडली. चिमट्याने कोंडिबांच्या नावातलं एकेक अक्षर उचलून तिने ते त्याच्या त्याच्या खान्यात टाकलं. शब्बीर शेजारी उभा होता. नाव निघालं तशी ओळीत मोकळी जागा पडली, आणि बाजूची नावं त्या जागेत कलंडली. रोशनबीने पटकन बोट लावून ती सावरली.

"डोळं लई दुखत्यात का गं?" शब्बीरने विचारलं.

"डोळ्याला काय धाड भरलीय? डोळ्यानं चुकलं न्हाई माजं." एवढंच बोलून ती पुन्हा कामाला लागली.

संध्याकाळी नव्या पत्रिका वाळत घातल्या होत्या तेव्हा रत्नाबाई आल्या. कोंडिबांच्या मालकीण. डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. चार महिन्यांत त्या फारशा बाहेर पडल्या नव्हत्या. शब्बीर चपापून उभाच राहिला. आता ही बाई काय बोलेल आणि आपण काय ऐकायचं, असं त्याला झालं.

रत्नाबाई थेट रोशनबीकडे गेल्या. "चुकीच्या पत्रिका टाकल्या का गं?"

"न्हाई वैनी. हितंच हायेत. जाळून टाकनार व्हतो."

"जाळू नगंस. एक दे मला."

रोशनबीने गठ्ठ्यातली एक काढून दिली. रत्नाबाईंनी ती उलटीसुलटी पाहिली. त्यांना वाचता येत नव्हतं. "त्यांचं नाव कुटंशी हाय?"

रोशनबीने त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. रत्नाबाई ते बोट तिथे ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "भैरूच्या लग्नाचं आवतान मीच देनार, समद्या गावात मीच फिरनार, असं म्हनायचे गं. लई हौस व्हती." पदर तोंडाला लावून त्या रडल्या, आणि रोशनबीही रडली. शब्बीर वाळलेल्या पत्रिका उगाचच पुन्हा पुन्हा सारख्या करत राहिला.

त्या गेल्यावर त्याला एकदम भरून आलं. ट्रेडलवर हात आपटून तो म्हणाला, "ठरलं बघ रोशन. काम्पुटर न्हाई घ्यायचा. अगं, काम्पुटर असता तर नाव कवाच पुसलं गेलं असतं. त्या माउलीला हे मिळालं असतं का? आपल्या हातात मान्साचा जीव हाय. यंत्रात कुटला?"

आपण फार मोठं बोललो असं त्याला वाटलं. रोशनबीने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"अहो शमाचे अब्बा, चुका करून धंदा चालतो व्हय? म्हंजी आता मी दर लग्नात एक मेलेला घालू?"

शब्बीर वरमला.

"जयसिंगाला निरोप धाडा," ती म्हणाली. "मला बघायचाय त्यो काम्पुटर. समदं गाव त्यावर बोलतंय, तुमी बोलताय. मला कुनी इचारलंय का आजपातुर?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी दुकानाला कुलूप लावून दोघं एस.टी.ने पुण्याला गेली. रोशनबीने ईदचा निळा शालू नेसला होता, शब्बीरने इस्त्रीचा सदरा घातला होता. जयसिंग काम करी ते ऑफिस एका जिन्यावर होतं. दारातच त्याने चपला बाहेर काढायला सांगितल्या. काँप्युटरला धूळ चालत नाही म्हणाला. शब्बीरने आदबीने चपला काढल्या आणि सवयीने डोक्याला रुमालही बांधला. मग आपण दर्ग्यात आलो नसून दुकानात आलो आहोत हे ध्यानात येऊन तो हळूच सोडला.

खोलीत गारठा होता. टेबलावर टीव्हीसारखा डबा, खाली बटणांची फळी, शेजारी छापायचं यंत्र. जयसिंगने खटाखट बटणं दाबून दाखवली. 'शुभविवाह' ही अक्षरं लहान झाली, मोठी झाली, जाड झाली, बारीक झाली. शेवटी यंत्रातून कागद सरकत बाहेर आला तो तव्यावरच्या पापडासारखा गरम. शब्बीरने तो हातात घेतला. अक्षर खोटं नव्हतं. त्याच्या मनात आलं, इतकं नितळ 'श' आपल्याला या जन्मात छापता आलेलं नाही.

"मी बसू?" रोशनबीने विचारलं.

जयसिंगला मौज वाटली. पोरगा चांगला होता. त्याने खुर्ची ओढून दिली. "बसा की काकू. पण तुम्हाला हे करायची गरजच नाही. एखादा ऑपरेटर ठेवा, मी बघून देतो."

रोशनबी खुर्चीत अगदी कडेला टेकली. सून पहिल्यांदा सासरच्या स्वयंपाकघरात जाते आणि मीठ कुठे, मिरची कुठे ते हात न लावता बघून घेते, तशी ती बटणांकडे कितीतरी वेळ बघत राहिली. "र कुटं बसतो?" तिने विचारलं. जयसिंगने दाखवला. "आन् काना?" तोही दाखवला. तिने एक बोट उचललं आणि दाबलं. बोट जरा जास्तच वेळ राहिलं आणि काचेवर र ची रांग लागली. ती दचकली, मग हसली. पुन्हा दाबलं. चुकलं. जयसिंगने पुसायचं बटण दाखवलं. तिने एक अक्षर पुसलं तशी बाजूची अक्षरं आपोआप सरकून जवळ आली. तिने पुन्हा एक घातलं, पुन्हा पुसलं.

"जागा ऱ्हात न्हाई का रं मधी?"

"नाही काकू. आपोआप भरते."

"बया!" रोशनबी म्हणाली. मग एकदम मागे वळून तिने शब्बीरला हाक मारली. "अहो, सुलटं दिसतंय की हो समदं!" बावीस वर्षं ती शिशाची उलटी अक्षरं वाचत आली होती. तिचा चेहरा असा उजळला होता की शब्बीरला तिच्यात शमाचा लहानपणचा चेहरा दिसला. शमा म्हणजे त्यांची लेक. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन मारुंजीला गेली होती.

शब्बीरला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण हातातला तो गरम कागद गार होत गेला तशी त्याला एक शंका आली. "जयसिंगा, हे असलं ट्रेडलवर कसं काय छापायचं?"

जयसिंग मान खाजवू लागला. "ट्रेडलवर नाही छापता येत, काका. ह्या कागदावरून प्लेट करायची आणि ऑफसेटच्या मशीनवर छापायचं. ते आम्ही इथं पुण्यात करून देऊ. तुम्ही फक्त कागद पाठवायचा. ट्रेडलचं आता काही काम उरत नाही. लोखंडाला भाव बरा आहे सध्या."

तो काही वाईट बोलला नव्हता. चहा आला होता. शब्बीरने कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

"चल रोशन," तो म्हणाला. "तुला न्हाई जमायचं हे."

त्याचा आवाज मोठा झाला होता. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वळून पाहिलं. रोशनबीने बोट बटणावरून उचललं. ती उठली, जयसिंगच्या पाठीवर हात ठेवून "येते बाबा" म्हणाली आणि दारात जाऊन चपला घातल्या.

एस.टी.त ती खिडकीशी बसली. चांदणी चौक मागे पडला. आणि भूगाव आलं तशी तिने कंडक्टरला हाक मारून गाडी थांबवली.

"हितं कशाला उतरायचं मधीच?" शब्बीरने विचारलं.

"माजी जमीन बघायला."

रस्त्यापासून तुकडा फार लांब नव्हता. कुसळं माजली होती. मध्ये एक बोरीचं झाड होतं आणि कडेला हद्दीचा दगड. शेजारच्या शेतात कुणीतरी चुन्याने रेघा मारल्या होत्या, म्हणजे ती जमीन गेलेली होती. रोशनबी बोरीखाली उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बोला आता. त्या पोरापुडं म्हनालात, हिला जमायचं न्हाई. बावीस वर्सांत चार मान्सांत असं कधी बोलला न्हाईत. का बोललात?"

"तुज्यासाठनंच बोललो," शब्बीर कळवळून म्हणाला. "तू जिंदगी काढलीस त्या पेटीम्होरं. उद्या मशीन आलं की तुजी जागा गेली. लोक काय म्हनतील? रोशनबीला भंगारात काढली म्हनतील."

"भंगारात काय काढायचं म्हनत व्हता जयसिंग?"

शब्बीर हद्दीच्या दगडाकडे बघू लागला.

"मला न्हाई काढत व्हता. मला तर त्यानं खुर्ची दिली." ती दोन पावलं जवळ आली. आवाज खाली आला. "माजं काम ऱ्हातंय हो. खिळ्याच्या जागी बटन येतंय, एवढंच. जमंल, न्हाई जमंल, ते मी बघीन. तुमचं काय व्हनार, ते बोला की एकदा."

शब्बीर हद्दीच्या दगडावर बसला. गणपतीपासून आपण रोशनच्या काळजीने झुरतोय असं त्याला मनापासून वाटत होतं. तिची बोटं, तिचे डोळे, तिची पेटी. आणि त्या साऱ्या काळजीत त्याने स्वतःचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

"मी काय करू गं रोशन?" तो म्हणाला. "मला दुसरं काय येतंय? सकाळी दुकान उघडायचं, कुलूप लावायचं, आन् मधी दिवसभर काय? लोकांची तोंडं बघत बसू? तू कामाला, आन् मी नुस्ता गल्ल्यावर ठेवलेला?" आणि पन्नाशी उलटलेला तो गडी बोरीच्या झाडाखाली लहान पोरासारखा रडला.

रोशनबी त्याच्या शेजारी खाली गवतातच बसली. शालूला कुसळं लागतील याची तिने पर्वा केली नाही. त्याचं होईतो ती थांबली. शाई मुरून काळी झालेली त्याची नखं ती आपल्या अंगठ्याने पुसत होती, जणू बावीस वर्षांत न निघालेली शाई आता निघणार होती.

"मला जुळवायला कुनी शिकवलं?" मग तिने विचारलं.

"मीच की."

"कशी व्हते मी?"

शब्बीरने नाक पुसलं. "लई मठ्ठ. पयल्याच पत्रिकेत नवरीच्या जागी सासूचं नाव लावून ठिवलं व्हतंस. त्या शेलाराचं लगीन मोडता मोडता ऱ्हायलं."

रोशनबी खुदकन हसली. "तवा तुमी माज्यावर आरडला का?"

"न्हाई बा."

"मंग झालं तर. आदी मी शिकते. मंग मी तुमाला शिकवते. तुमाला काय मठ्ठपना करायचा त्यो करून घ्या. मीबी आरडनार न्हाई."

बोरीला कच्ची बोरं लागली होती. रोशनबीने उठून मूठभर तोडली, त्यातली दोन शब्बीरच्या हातावर ठेवली, आणि मग दोघांनी मिळून त्या तुकड्याला एक फेरी मारली. दोन खोल्या कुठे आल्या असत्या आणि अंगण कुठे, ते त्यांनी एकमेकांना दाखवलं. मग पौडची पुढची गाडी पकडली.

पौषात भूगावचा तुकडा बिल्डरला गेला, आणि माघात ट्रेडल गेलं. ते उचलायला आठ गडी लागले, आणि त्यांत एक खांदा हैबतरावांचा होता. भैरूचं लग्न धडाक्यात झालं होतं आणि त्यांचा राग कुठल्या कुठे विरघळला होता. टेम्पो सुटला तेव्हा त्याला हात करावा की नको हे न कळून शब्बीर नुसता उभा होता. रोशनबीने मात्र शिशाचे खिळे स्वतः पोत्यात भरले, काट्यावर घातले, तागडीवर नजर ठेवली आणि भंगारवाल्याशी भरपूर भांडली. पाहणाऱ्याला वाटलं, बाईला काही वाटत नाही. त्या दिवशी ती जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली.

काँप्युटर आला तसं सारं पौड बघायला लोटलं. रोशनबी पुण्याला पंधरा दिवस जाऊन येऊन शिकली होती. पहिले काही दिवस तिची फार फजिती झाली. एकदा अख्खी पत्रिका कुठल्याशा बटणाने गडप झाली आणि ती डोकं धरून बसली. पण हळूहळू बोटं बसली. शब्बीर शेजारी बसून तिला नावं वाचून दाखवू लागला. आणि उन्हाळ्याची लग्नं ओसरल्यावर एका दुपारी दुकानात कुणी नसताना ती खुर्चीवरून उठली.

"बसा," ती म्हणाली.

"आत्ता?"

"मंग कवा? बसा."

शब्बीर बसला. कागद टाकायला आणि काढायला सरावलेले त्याचे हात बटणांवर अवघडून उभे राहिले. रोशनबीने त्याचं एक बोट धरून 'न' वर ठेवलं, मग 'थ' वर, मग उकारावर. नथू नावाच्या कुणाच्या तरी मुलाचं बारसं होतं. शब्बीरने एकट्याने ते नाव पुन्हा लिहिलं. काचेवर ते सुलटं, स्वच्छ उमटलं. त्याला घाम आला होता. दुसरं नाव घेतलं. तिसरं घेतलं. बोटांना थोडी लय सापडू लागली.

चौथ्या नावाला त्याने वर पाहिलं, शाबासकीच्या अपेक्षेने. रोशनबी काचेकडे बघतच नव्हती. ती टेबलाखाली बघत होती.

शब्बीरनेही खाली पाहिलं. त्याचा उजवा पाय चालला होता. खाली, वर, खाली, वर, फरशीवर रिकामाच, एका ठरल्या ठेक्यात. किती वेळ चालला होता कोण जाणे. त्याने ओशाळून पाय मागे ओढला आणि खुर्चीच्या दांडीमागे अडकवून ठेवला. बोटंही थांबली. पुढचं अक्षर कुठे बसतं ते त्याला आठवेना.

रोशनबी खाली वाकली. तिने त्याचा पाय दांडीमागून सोडवला आणि पुढे होता तिथे फरशीवर आणून ठेवला.

"चालू द्या की," ती म्हणाली, आणि तिने त्याला पुढचं नाव वाचून दाखवलं.